तीस ट्यून येतात, पण ऐन मिरवणुकीत तुटतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीकडचा एक तरुण शाळेच्या बँडमध्ये चँटर (बोटांनी सूर काढायची नळी, सरावाला ती बॅगशिवाय वाजवतात) शिकला, आता तीन वर्षं बॅगपाइप वाजवतोय. लग्नाची वरात, १५ ऑगस्ट, गणपतीची मिरवणूक अशी बोलावणी येतात. तीसेक ट्यून त्याला येतात. घरी सगळ्या नीट वाजतात, बाहेर मात्र मधेच तुटतात, नाहीतर एकीतून दुसरीत शिरतात. त्याला विचारायचंय की पाठांतर कागद बघून करावं की कानाने, आणि कार्यक्रमाला किती ट्यून तयार हव्यात?

उस्ताद म्हणून हाक मारलीस, तेव्हा अरेतुरेवरच येतो. अठरा वर्षं पलटणीच्या पाइप बँडमध्ये काढली, आता सावंतवाडीजवळ गावी असतो. चार पोरं शिकायला येतात आणि प्रत्येक जण कधी ना कधी तुझीच तक्रार घेऊन येतो. त्यांना सांगतो तेच तुलाही सांगतो. तू ट्यून विसरत नाहीस. ती जिथे तुटते तिथे नेमकं काय वाजवायचं, हे तू कधी ठरवलेलंच नाहीस. ओटीवर बसून वाजवताना बोटं कसंबसं निभावून नेतात, म्हणून ते लक्षात येत नाही.

पाइपवर हे जास्त जाणवतं, त्याला कारण आहे. सनईवाला जिभेने सूर तोडतो. पेटीवाला बोट उचलतो की सूर थांबतो. आपली बॅग एकदा फुगली की आवाज थांबत नाही आणि लहानमोठाही होत नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मधे ग्रेस नोट, म्हणजे निमिषभराचा दुसरा सूर, घालावीच लागते, नाहीतर दोन आखूड सूर मिळून एक लांबलचक सूर होतो. म्हणजे आपल्या ट्यूनमध्ये सुरांइतकाच हिस्सा त्यांच्यामधल्या ग्रेस नोटांचा. तू सूर पाठ केलेस आणि ग्रेस नोटा बोटांच्या मर्जीवर सोडल्यास. आज ‘जी’ सुराची पडली, उद्या ‘डी’ची पडली, परवा हात गरम होता म्हणून डबलिंग (ग्रेस नोटांचा छोटा गुच्छ) पडलं. घरी तिन्ही चालून जातात. वरातीत फटाका फुटला, कोणी धक्का दिला, की बोटांसमोर तीन रस्ते उभे राहतात आणि ती थबकतात. आपण म्हणतो, विसरलो.

खरं वाटत नसेल तर आज रात्रीच करून बघ. हमखास तुटणारी एक ट्यून चँटरवर निम्म्या लयीत तीनदा वाजव आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. मग पेन्सिल घेऊन तिन्ही ऐक. कुडाळहून माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीची ट्यून दोन महिने एकाच जागी तुटत होती. जागा तरी केवढी, ‘पा पा ध पा’, चार सूर, म्हणजे आपले ई, ई, एफ, ई. रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या खेपेला दोन ‘पा’च्या मधे तिने ‘जी’ची ग्रेस दिली होती, दुसऱ्या खेपेला खाली स्ट्राइक (खालच्या सुराचा झटका) मारला होता, तिसऱ्या खेपेला काहीच नाही, दोन्ही ‘पा’ चिकटलेले. मी म्हटलं, तिन्हींतलं तुला आवडेल ते निवड, पण एकच. तिने ‘जी’ची ग्रेस निवडली. तेवढे चार सूर वीस मिनिटं, मग मागचा बार (तालाचं एक आवर्तन) जोडून, मग पुढचा. पुढे ती ट्यून त्या जागी तुटली नाही.

आता कागद की कान. दोन्ही, पण प्रत्येकाचं काम वेगळं. ट्यून अंगात शिरते ती कानातून. आधी आठ दिवस नुसती ऐक, गुणगुण, चालता-चालता म्हण. कागद लागतो तो निवाड्याला, म्हणजे इथे कुठली ग्रेस, सूर लांबवणारं टिंब कुठल्या सुरावर, हे एकदा पक्कं करायला. निवाडा झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागद बंद करून ट्रंकेत टाक. समोर ठेवलास तर डोळे वाचत राहतात आणि डोकं आळशी होतं. कागद घेऊन चालता येत नाही हे तर उघडच आहे, दोन्ही हात चँटरवर असतात.

गाण्याच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण पोरं इथेच लाजतात. स्कॉटलंडमध्ये पाइपची जी सगळ्यांत भारदस्त जुनी वादनपरंपरा आहे, पीब्रोख म्हणतात तिला, ती पिढ्यान् पिढ्या तोंडी शिकवली गेली. स्काय बेटावरचं मॅक्क्रिमन घराणं त्यात सर्वांत नावाजलेलं. त्यांचे बोल असायचे, आपल्या तबल्या-पखवाजासारखे. स्वर सुराचा, व्यंजन ग्रेस नोटचं. या पद्धतीला कँटरख्त म्हणतात आणि १७९७ साली कॉलिन कॅम्पबेल नावाच्या पाइपरने ट्यूनच्या ट्यून अशा बोलांत लिहून ठेवल्या. म्हणजे ज्याला ट्यून म्हणता येते त्याच्याकडे ग्रेस नोटसकट सगळं तोंडात असतं. आपल्याकडे मृदंगवाला आधी तोंडाने बोल म्हणून दाखवतो तेच हे. तुला त्यांचे बोल शिकायची गरज नाही, स्वतःचे बनव. माझे साधे आहेत: नुसता सूर असेल तर ‘दा’, ‘जी’ची ग्रेस असेल तर ‘हिदा’, डबलिंगला ‘हिरिदा’, बर्लला (करंगळीच्या झटपट झटक्यांना) ‘दरर’. आमची ही हसते. पण मी अंगणात नारळ सोलताना पूर्ण ट्यून बोलात म्हणू शकतो, आणि जी म्हणता येत नाही ती मी कार्यक्रमात घेत नाही.

पुढची गोष्ट ट्यूनच्या बांधणीची. बहुतेक मार्चचा एक पार्ट आठ बारचा असतो आणि तो दोनदा वाजतो. आठ बारचे दोन-दोन बारचे चार तुकडे पाड. पुष्कळदा दिसेल की पहिला आणि तिसरा तुकडा एकच आहे. त्यांना अक्षरं दे. पहिला पार्ट: अ ब अ क. दुसरा: ड ब अ क. म्हणजे दोन पार्टची आख्खी ट्यून चार तुकड्यांत संपली, बाकी सगळी येरझार. पाठ करायचंय ते तुकड्यांपेक्षा वळण. ‘ब’ संपल्यावर पहिल्या पार्टात ‘अ’ येतो तसा दुसऱ्यातही येतो का, की तिथे ‘ड’? पुन्हा वाजवतानाचं शेपूट तेच आहे की बदललंय? घाटात गाडी चालवणारा सरळ रस्ता लक्षात ठेवत नाही, वळणं ठेवतो. माझ्या वहीत प्रत्येक ट्यूनला एकच ओळ असते: ही अक्षरं, आणि पुढे, ‘अमुक ट्यूनशी गल्लत होते’.

ही शेवटची नोंद मी शिक्षेतून शिकलो. पलटणीत नवा होतो. थ्री-फोरमधल्या (बारला तीन ठोके) दोन रिट्रीट मार्च, म्हणजे संध्याकाळच्या परेडच्या ट्यून, आम्ही नेहमी लागोपाठ वाजवायचो, ‘ग्रीन हिल्स ऑफ टिरोल’ आणि ‘व्हेन द बॅटल्स ओव्हर’. जगभरचे बँड हीच जोडी वाजवतात. माझ्या डोक्यात दोन्हींच्या शेवटाचा लपेटा एकच झाला होता. एका संध्याकाळी परेडला सगळे पहिलीतच असताना मी अलगद दुसरीत घुसलो. वाईट हे की मला कळलंच नाही. आठ बार मी एकटा वेगळं वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, आज बाकीच्यांना काय झालंय! बँडचे प्रमुख पाइप मेजर साहेबांनी त्या वेळी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, पाइपशिवाय. एक फेरी पहिली ट्यून तोंडाने, एक फेरी दुसरी. शेवटच्या दोन बारला थांबून मोठ्याने सांगायचं, आता मी कुठल्या ट्यूनमध्ये आहे. दुपारपर्यंत घसा बसला. त्या दोन ट्यून मात्र परत कधी एकमेकींत गेल्या नाहीत.

तेव्हापासूनचा नियम: एकाच तालातल्या, एकाच सुरापासून उठणाऱ्या दोन नव्या ट्यून एका महिन्यात शिकायच्या नाहीत. एक टू-फोर घेतलीस तर दुसरी सिक्स-एट घे. तुझ्या तिसांत अशा जुळ्या किती आहेत ते बघ. मला वाटतं, तुझा अर्धा गोंधळ तिथेच असेल.

किती ट्यून हव्यात याचा हिशेब सरळ पावलांत कर. टू-फोरमधली दोन पार्टची ट्यून, दोन्ही पार्ट दोनदा, म्हणजे ३२ बार. बारला दोन पावलं, ६४ पावलं. मिनिटाला १२० पावलांच्या क्विक मार्चला हे अर्ध्या मिनिटात उरकतं! फोर-फोरची असेल तर एक मिनिट. म्हणूनच वीस मिनिटांची वरात म्हटली की पोरं घाबरतात आणि चाळीस ट्यून गोळा करत सुटतात. पण वरातीत पाय निम्म्या वेगाने पडतात, दर वळणावर थांबा असतो, आणि ऐकणारा माणूस बदलत असतो. पहिल्या घरासमोर वाजलेलं पाचव्या घरी ताजंच असतं. तीन-तीन ट्यूनचे चार सेट, प्रत्येक ट्यून दोनदा, आणि सेट फिरवून-फिरवून. बारा ट्यूनमध्ये अख्खी वाडी पार होते. मी स्वतः बारा ‘तोंडातल्या’, सहा घडणीतल्या असं ठेवतो. बाकीच्या वहीत झोपलेल्या. सणासुदीच्या आधी त्यांतली एखादी उठवायची आणि बारांतली एक झोपवायची.

सेट लावताना जागा डोळ्यांसमोर आण. तुमच्या दापोलीकडे पाखाड्या आहेत. चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना खाली बघावं लागतं, श्वास अडखळतो. तिथे चार पार्टची कठीण ट्यून घेणं हा मूर्खपणा. पायांना आपोआप चालवणारी सोपी फोर-फोर घे. वाळूवर पाऊल रुततं, लय हमखास मंदावते, म्हणून समुद्राकडे जाताना सिक्स-एट नको, ती रेंगाळली की लंगडी वाटते. थ्री-फोर चालताना आणखी फसवी, कारण तिच्यात दर बारला ठोक्याचा पाय बदलतो. ती उभं राहून वाजव. शिवाय प्रत्येक सेटला बाहेर पडायचा दरवाजा ठरवून ठेव. नवरी मांडवात अपेक्षेआधीच पोचते, नाहीतर भटजी हात वर करतात, तेव्हा कुठल्या पार्टच्या शेवटी थांबलं तर पुरं झाल्यासारखं वाटेल? मी बहुतेक पहिल्या पार्टच्या शेवटी थांबतो, तिथे ट्यून ‘सा’वर टेकते.

आता मराठी गाण्यांबद्दल, कारण वरातीत तीच मागतात. चँटरवर सूर नऊच. ‘सा’ म्हणजे लो ए धरलास तर खाली फक्त कोमल नी, मग सा रे ग म प ध, कोमल नी, आणि वरचा सा. संपलं. थोडक्यात खमाज थाट, एका सप्तकात कोंबलेला. भूप आणि दुर्गेतल्या चाली सरळ बसतात. देस, तिलंगमध्ये दोन्ही निषाद लागतात, तिथे अडतं. तिरप्या बोटांनी एखादा कोमल सूर काढणारे वादक आहेत, पण आपल्या साध्या चँटरवर, चालताना, त्या भानगडीत पडू नकोस.

मात्र एक युक्ती आहे, ती मला आमच्या देवळातल्या सनईवाल्या आबांनी दाखवली. चँटरच्या मध्यमाला, म्हणजे डी सुराला ‘सा’ मान. मग तेच नऊ सूर बिलावल थाटाचे होतात, खाली मंद्र मध्यमापर्यंत जाता येतं, वर पंचमापर्यंत. भजनं बरीचशी एवढ्यातच फिरतात. आणि ड्रोन, म्हणजे खांद्यावरच्या नळ्यांचा सतत चालणारा सूर? तो ए वरच वाजत असतो, म्हणजे आता तो पंचम धरतो. तानपुऱ्याच्या पहिल्या तारेसारखा. इतकं गोड लागतं की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाजवायचाच थांबलो. लो जी ला ‘सा’ धरलास तर कागदावर कल्याण थाट मिळतो, पण तिथे ड्रोन रिषभ धरून भुणभुणतो, ते मला सोसत नाही. भैरवीचे सूर कागदावर एफला ‘सा’ धरून मिळतात, पण तो ‘सा’ वरच्या टोकाला पडतो आणि ड्रोन कोमल गंधार धरतो, म्हणून ती वाजवण्यासारखी बसत नाही. मैफल भैरवीने संपवायची आपली रीत, पण आपल्या वाद्याला ती नशिबात नाही.

त्यामुळे फोनवर ‘हो, वाजवतो’ असं कुणाला कबूल करू नकोस. आधी चँटरवर बघ. अंतरा वरच्या ‘सा’च्या पुढे गेला तर सरळ नाही म्हण. वरचे सूर खालच्या सप्तकात दुमडून बसवले की वाजवणाऱ्याचं पाठांतर बिघडतं, कारण कान मूळ गाणं म्हणत असतो आणि बोटं दुसरंच काही. आणि पेटीवाल्या बुवांसोबत वाजवायचं कधी मान्य करू नकोस. आजकालच्या चँटरचा ‘सा’ साधारण ४७० ते ४८० हर्ट्झला असतो, काळी पाचच्या थोडा वर. पेटीच्या कुठल्याच पट्टीला तो मिळत नाही.

ट्यून तोंडात आहे की नुसती येते, हे तपासायची माझी पद्धत: कौल. बारा ट्यूनच्या बारा चिठ्ठ्या एका पितळी डब्यात. सकाळी चहाआधी, हात थंड असताना, एक उचलायची आणि मनात पाच मोजायच्या आत सुरू करायची. गरम हातांनी, मागच्या ट्यूनच्या ओघात काहीही वाजतं. कार्यक्रमात मात्र ट्यून थंड हातांनीच सुरू करावी लागते आणि बहुतेक जण पहिल्या दोन बारलाच अडकतात. सुरू झाली तर पुढचा कौल: मधूनच, दुसऱ्या पार्टपासून, नाहीतर तिसऱ्या. जो फक्त पहिल्यापासून वाजवू शकतो तो एकदा पडला की उठत नाही. न लागलेली चिठ्ठी वेगळ्या वाटीत, ती रोज वाजते. लागलेली डब्यात परत. आठवड्याला बारांतली प्रत्येक एकदा तरी हातात येते की नाही एवढं बघायचं.

हे सगळं आधी चँटरवर. बॅग काखेत आली की निम्मं डोकं हवेकडे जातं, फुंक, दाब, ड्रोन मिळालेत का. पाठांतराला उरतं ते निम्मं. आपल्याकडच्या पावसात तर तेवढंही नाही. गणपतीत हवा एवढी दमट असते आणि आपलीच फुंक आत पाण्याचे थेंब धरते. चँटरची रीड जड होते, वरचा सा घुसमटतो, दम दुप्पट लागतो. ड्रोनच्या रीडवर पाणी गेलं तर ड्रोन मुका. त्या दिवशी ट्यून तुटली तर दोष आठवणीला देऊ नकोस. दर सेटनंतर फुंकनळी पुसून घे, दोन रीड जवळ ठेव, आणि मुक्कामाला पोचलास की पाइप पेटीत बंद करण्याआधी सांधे सोडवून वाळव. जुलैपासून रोज दहा मिनिटं पाइप उभ्याने वाजव, म्हणजे भाद्रपदात ओठ आणि काख तयार असतील.

आता एवढं करूनही एखाद्या दिवशी तुटेलच. मलाही तुटते. तेव्हा एकच काम: दाब सोडायचा नाही. बँडमध्ये असशील तर बोटं पुढे ढकलत राहू नकोस, शेजाऱ्याचा पार्ट संपेपर्यंत एकाच सुरावर थांबून ऐक आणि पुढच्या पार्टच्या तोंडावर आत शिर. एकटा असशील तर सरळ ‘पा’वर, ई वर जाऊन थांब. ड्रोनच्या ‘सा’वर पंचम कधीच चुकल्यासारखा वाटत नाही. चार पावलं तो धर, श्वास घे, आणि पहिल्या पार्टपासून उचल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीच्या विसर्जनाला, पाणंद संपून व्हाळाकडे वळतो तिथे, मी असाच ‘पा’ धरून उभा राहिलो होतो. पुढची ट्यून कुठली तेही आठवत नव्हतं. रात्री आरतीनंतर आबा प्रसाद हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “ती वळणावरची आलापाची जागा बरी होती रे. फुडल्या वर्साक परत घे.”